वऱ्हाडातील कोंबडी : तिचे रोग आणि तिचे खाद्य

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाचे विवेचन कापसापासून सुरू होते व बहुधा कापसापाशीच थांबते. १८५३ च्या तहाने हा प्रांत निझामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखाली आला, १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने येथील रुईला विलायतेच्या गिरण्यांची दारे उघडून दिली आणि लोहमार्गाने ती रुई मुंबई बंदरापर्यंत पोचविली, हा क्रम अभ्यासकांना परिचित आहे. या इतिहासात जनावर म्हणून ज्याला स्थान मिळाले ते बैलाला. कारण काळ्या जमिनीची मशागत त्याच्या खांद्यावर होती. अंगणात व उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबडीची दखल घेण्याचे कारण ना महसूल खात्याला वाटले, ना इतिहासकाराला. अमरावतीच्या जुन्या परकोटाबाहेर बडनेऱ्याच्या वाटेवर वाढलेल्या राजापेठेत आज अंडी मिळतात ती तीस-तीस अंड्यांच्या ट्रेमधून. ती कोणत्या कोंबडीची, तिने काय खाल्ले, तिच्या पिढीतील किती कोंबड्या कशाने मेल्या, हे प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनात येण्याचे कारणच उरलेले नाही. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे घडले ते समजून घ्यावयाचे तर कोंबडीच्या रोगांचा इतिहास पाहावा लागतो.

पाठ्यपुस्तकांत हे रोग दोन स्वतंत्र प्रकरणांत वाटलेले असतात. एकीकडे जंतू, विषाणू व परजीवी यांच्यामुळे होणारे सांसर्गिक रोग. दुसरीकडे जीवनसत्त्वे, क्षार व प्रथिने यांच्या न्यूनतेमुळे होणारे विकार. अध्यापनाच्या सोयीसाठी ही विभागणी योग्यच आहे. परंतु वऱ्हाडापुरते पाहता ती इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. येथे संसर्गाचे ज्ञान दूरच्या हिमालयातील एका प्रयोगशाळेतून आले, तर खाद्याचा प्रश्न याच मातीतील पिकांनी ठरविला. आणि या दोहोंची गाठ प्रत्यक्ष कोंबडीच्या शरीरात पडली.

पशुवैद्यकाची शासकीय व्यवस्था या देशात प्रथमतः गुराढोरांसाठी निर्माण झाली. गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८७१ साली आपला अहवाल दिला. १८८९ साली पुणे येथे शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली आणि १८९३ साली ती कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांच्यापुढील मुख्य प्रश्न बुळकांडीचा होता. यात एक विसंगती आहे व ती नजरेआड करू नये. प्रयोगशाळेत जंतूची तीव्रता कमी करून लस बनविण्याची कल्पना लुई पाश्चर यांना सुचली ती १८७९-८० मध्ये, कोंबड्यांच्या पटकीवर काम करताना. लसीकरणाच्या आधुनिक शास्त्राचा आरंभ अशा रीतीने कोंबडीपासून झाला. त्या शास्त्रासाठी भारतात उभारलेल्या संस्थेने मात्र कोंबडीकडे वळण्यास आणखी काही दशके घेतली.

या दुर्लक्षाला सामाजिक कारणेही होती. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे प्रमुख स्थान. वारकरी आचारही या प्रांतात खोलवर रुजलेला. या दोन्ही पंथांच्या आचारात मांसाहाराला जागा नाही, आणि लिहिणारा-वाचणारा वर्ग बव्हंशी कोंबडी न पाळणारा होता. कोंबडी पाळली जाई ती मजुरांच्या, दलितांच्या व मुसलमानांच्या वस्त्यांत, काही कुणब्यांच्या घरी आणि मेळघाटातील कोरकूंच्या वाडीत, जेथे ती देवाला वाहण्याचीही वस्तू होती. त्यातही तिची मालकी बहुधा घरच्या बाईकडे असे. मीठमिरचीचा खर्च, पोरांचे औषध, अचानक आलेला पाहुणा, हे सर्व चार-पाच कोंबड्यांवर भागे. अशा घरात आठ दिवसांत सगळी खुराडी रिकामी झाली तर ती हानी लहान नव्हती. पण ती ज्यांची होती त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

लेखी पुरावा जेथे तुटपुंजा असतो तेथे शब्दांकडे वळावे लागते. मराठीत कोंबड्यांच्या रोगांची जी नावे रूढ आहेत ती सर्व लक्षणांवरून पडलेली आहेत : देवी, पांढरी हगवण, रक्ती हगवण, सर्दी, मानमोडी. यांपैकी शेवटचे नाव विशेष विचारार्ह आहे. आज पशुवैद्यक ‘मानमोडी’ या नावाने राणीखेत रोग ओळखतात. विषाणू मज्जासंस्थेपर्यंत पोचला म्हणजे पक्ष्याची मान पिळवटते, तो गोल फिरतो, पाय व पंख लुळे पडतात. हिरवट हगवण व घरघर त्याआधीच सुरू झालेली असते. परंतु हाच शब्द १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या महासाथीत माणसांच्या तापालाही महाराष्ट्रात लावला गेला होता, आणि राणीखेत रोगाची शास्त्रीय नोंद त्यानंतर नऊ वर्षांनी झाली. तेव्हा ‘मानमोडी’ हे एका विशिष्ट विषाणूचे नाव नसून मान टाकून पटापट मरणाऱ्या जीवांच्या अवस्थेचे नाव होते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. जुन्या आठवणींत वा कागदांत हा शब्द भेटला की तेथे राणीखेत होता असे गृहीत धरण्याचा मोह संशोधकाने आवरला पाहिजे.

याला वैद्यकीय आधारही आहे. मान वाकडी होण्याचे लक्षण केवळ राणीखेतचे नाही. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, न मिळालेली कोंबडी पायांवर बसते आणि तिची मान पाठीकडे वळून डोळे आकाशाकडे लागतात. ई जीवनसत्त्वाच्या अभावी पिलांच्या मेंदूची हानी होऊन तीही मान मुरडून कोलमडतात. अशा रीतीने लोकांनी एका शब्दात जे साठविले त्यात सांसर्गिक व अन्नदोषजन्य असे दोन्ही प्रकारचे विकार एकत्र होते. हा अडाणीपणा खास नव्हे. प्रयोगशाळेशिवाय केवळ डोळ्यांनी पाहणाऱ्याला याहून निराळी विभागणी करताच आली नसती.

राणीखेत रोगाची शास्त्रीय हकीकत थोडक्यात अशी. १९२६ साली जावा बेटात क्रानेव्हेल्ड यांनी आणि त्याच सुमारास इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील साथीवरून डॉयल यांनी कोंबड्यांच्या एका नव्या, अतिघातक रोगाचे वर्णन केले. १९२७ साली तो कुमाऊँतील राणीखेत या छावणीच्या गावी आढळला व मुक्तेश्वरचे संचालक एडवर्ड्स यांनी त्याची नोंद केली. जगाने न्यूकॅसल हे नाव स्वीकारले. भारतात राणीखेत हेच रूढ झाले. मुक्तेश्वर येथे त्या विषाणूचा एक वाण कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यांतून वारंवार वाढवून सौम्य करण्यात आला आणि १९४० नंतरच्या दशकात हॅडो व इदनानी यांच्या कामातून त्याची लस सिद्ध झाली. भारतीय पशुवैद्यकाच्या इतिहासातील हे एक थोर काम होय.

या लसीला मर्यादा होती आणि तीच पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मुक्तेश्वर वाण पूर्णतः निरुपद्रवी नव्हता. मध्यम तीव्रतेचा होता. सहा ते आठ आठवड्यांच्या आतील पिलांना तो सोसत नसे. अंड्यांवर असलेल्या कोंबडीची अंडी तो काही काळ तोडी. आणि जी कोंबडी आधीच कृमींनी, रक्ती हगवणीने वा निकृष्ट आहाराने खंगलेली असे, तिला लस टोचल्यावर पाय लुळे पडण्याचा व क्वचित मरण्याचाही धोका असे. म्हणजे लसीचे यश कोंबडीच्या पोटात काय गेले होते यावर काही अंशी अवलंबून होते. पुढे लासोटा व एफ यांसारखे सौम्य वाण आले. पाच-सात दिवसांच्या पिलाच्या डोळ्यात वा नाकात एक थेंब टाकण्याची पद्धत रूढ झाली आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली. तथापि पोट आणि प्रतिकारशक्ती यांचा संबंध त्यामुळे तुटला नाही.

अन्नदोषांच्या विकारांचे ज्ञान ज्या मार्गाने आले तो मार्गही कोंबडीच्या खुराड्यातूनच गेलेला आहे. १८९० च्या सुमारास जावात बेरीबेरीचा शोध घेणाऱ्या आइकमन यांच्या कोंबड्यांना अचानक लुळेपणा आला. त्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला, सडलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नंतर आलेल्या आचाऱ्याने लष्करी भात मुलकी कोंबड्यांना देण्यास नकार दिला. साधा, न सडलेला तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाच्या मुळाशी असलेली ही हकीकत पुढे १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या आइकमन यांनीच सांगितलेली आहे. रक्त गोठण्यास आवश्यक असलेले क जीवनसत्त्व नव्हे, तर ‘के’ जीवनसत्त्व कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यांना १९२९ पासून सापडत गेले, तेही रक्तस्राव होणाऱ्या पिलांच्या निरीक्षणातूनच.

मग वऱ्हाडच्या गावठी कोंबडीला हे विकार होत होते काय? सामान्यतः फारसे नाही. जी कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, किडे, वाळवी, गोगलगायी टिपते, हिरव्या पाल्याला चोच लावते आणि उन्हात धूळस्नान करते, तिला अ, ब व ड जीवनसत्त्वांची वाण पडण्याचे कारण नसते. तिला पोटभर मिळत नसेल. पण जे मिळते त्यात विविधता असते. अन्नदोषांचे विकार हे मुख्यतः कोंडलेल्या कोंबडीचे विकार होत. स्वातंत्र्यानंतर समूह विकास योजनांच्या काळात पांढऱ्या लेगहॉर्न व तांबड्या ऱ्होड आयलंड जातीचे पक्षी शासकीय कुक्कुटपालन केंद्रांतून गावोगाव जाऊ लागले. त्यांना जाळीच्या आत, भुशाच्या गादीवर ठेवण्याची पद्धत आली. तेव्हापासून कोंबडीने काय खावे हे तिने नव्हे, मालकाने ठरवायचे झाले. आणि मालक साहजिकच घरात व बाजारात जे स्वस्त होते ते घालू लागला.

वऱ्हाडात स्वस्त काय होते, हा येथे निर्णायक प्रश्न आहे. पहिले धान्य ज्वारी. पिवळ्या मक्यात अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य असते. पांढऱ्या ज्वारीत ते नगण्य असते. केवळ ज्वारीवर ठेवलेल्या व हिरवा पाला न मिळालेल्या पक्ष्याचे डोळे सुजतात, पापण्या चिकटतात, डोळ्यांत पनीरासारखा घट्ट पू साठतो, अन्ननलिकेत पांढऱ्या पुळ्या दिसतात. हे रूप सर्दीच्या सांसर्गिक रोगाशी व घशात होणाऱ्या देवीशी इतके जुळते की शवविच्छेदनावाचून पुष्कळदा फसगत होते. औषध संसर्गाचे द्यायचे आणि मूळ दोष दाण्यात राहायचा, असा प्रकार मग घडतो. मूठभर लसूणघास वा शेवग्याचा पाला जे करील ते औषधाची पुडी करू शकत नाही. त्यातच खरिपाची ज्वारी कणसात असताना पाऊस लागला तर दाणा काळा पडतो. त्यावर बुरशी चढते. अशी काळी ज्वारी माणसांच्या बाजारात पडत्या भावाने जाते आणि तिचा मोठा वाटा पशुखाद्यात वळतो. कोंबडीच्या वाट्याला जे धान्य येते ते पुष्कळदा माणसाने नाकारलेले असते, ही गोष्ट रोगांच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

प्रथिनांची कथा याहून विलक्षण आहे. कापसाच्या या प्रांतात प्रथिनांचा सर्वांत मोठा साठा सरकीच्या रूपाने दर हंगामात निर्माण होतो. परंतु सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या बैलाला व म्हशीला ते बऱ्याच अंशी सोसते, कारण त्यांच्या पोटात त्याचा प्रभाव मंदावतो. कोंबडीला ते सोसत नाही. तिची वाढ खुंटते. आणि जी अंडी ती घालते त्यांचा बलक साठवणीत हिरवट-तपकिरी पडतो, पांढराही कधी गुलाबी होतो. त्यामुळे वऱ्हाडची सरकीची पेंड गोठ्यातच राहिली. कापसाने बैल पोसला, कोंबडी पोसली नाही. खुराड्याकडे आली ती भुईमुगाची पेंड. आणि तिने वेगळेच संकट बरोबर आणले. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी अज्ञात कारणाने मेले, तेव्हा शोध करता ब्राझीलहून आलेल्या बुरशीयुक्त भुईमूग पेंडीतील विष सापडले. ते अफ्लाटॉक्सिन या नावाने ओळखले जाते. पावसाळ्यात दमट कोठारात पडलेल्या पेंडीला व मक्याला ही बुरशी कोठेही लागू शकते, आणि वऱ्हाडातील आषाढ-श्रावण तिला प्रतिकूल खचित नाहीत.

अफ्लाटॉक्सिनने कोंबडी नेहमीच तात्काळ मरत नाही. अल्प प्रमाणात ते यकृत बिघडवते व प्रतिकारशक्ती दडपते. अशा कळपाला राणीखेतची लस वेळेवर दिली तरी तिचे संरक्षण अपुरे पडते, आणि पुढे साथ आली की दोष लसीवर वा ती टोचणाऱ्यावर येतो. खाद्याने केलेला अपराध संसर्गाच्या खात्यावर मांडला जातो. १९९० नंतर या भागात सोयाबीनचे क्षेत्र झपाट्याने वाढले, ज्वारीचे तितक्याच वेगाने आटले आणि सोयापेंड हे कोंबडीच्या प्रथिनांचे मुख्य साधन झाले. कच्च्या सोयाबीनमध्येही पचनाला विरोध करणारे द्रव्य असते, पण ते उष्णतेने नष्ट होते. त्यामुळे या पेंडीने पोषणाचा प्रश्न पुष्कळ अंशी सोडविला व त्याचे रूपांतर भावाच्या प्रश्नात केले. २०२१ मध्ये सोयापेंडीचे भाव इतके चढले की केंद्र सरकारला १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी द्यावी लागली, आणि सोयाबीन पिकविणारा व कोंबड्या पाळणारा यांचे हितसंबंध एकाच जिल्ह्यात परस्परविरुद्ध उभे राहिले.

भुशाच्या गादीचा उल्लेख वर आला. संसर्ग आणि पोषण यांचे गुंतलेले नाते जितके या गादीत दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. विष्ठा व भुसा यांच्या मिश्रणात सूक्ष्म जीव ब-१२ जीवनसत्त्व निर्माण करतात व ते खाऊन कोंबडीची गरज भागते. त्याच गादीत, ती ओली झाली की, रक्ती हगवणीच्या परजीवीची अंडी परिपक्व होतात. पिलांच्या आंतड्यात रक्तस्राव होतो. के जीवनसत्त्वाची उणीव असेल तर तो अधिकच वाढतो. आणि त्यावर दिले जाणारे सल्फा वर्गातील एक औषध स्वतःच त्या जीवनसत्त्वाला विरोध करते. गादी कोरडी राहिली, परजीवींची मात्रा थोडी राहिली, तर पिलांना त्याच गादीतून प्रतिकारशक्तीही मिळते. जुन्या पाळणाऱ्या बायका पावसाळ्यात खुराड्यात चुलीतील राख टाकीत. त्यामागील सिद्धान्त त्यांना सांगता आला नसता, पण जागा कोरडी ठेवण्याचे काम ती राख करीत असे.

बंदिस्त पालन वाढले तसे नवे रोग आले. मारेक यांनी बुडापेस्ट येथे १९०७ साली वर्णिलेल्या लकव्याचा विषाणू १९६७ मध्ये ओळखला गेला व थोड्याच वर्षांत त्यावर लस आली. १९६२ मध्ये अमेरिकेतील गंबोरो येथे दिसलेला रोग १९७० नंतर भारतात पोचला. तो पिलांच्या फॅब्रिशियस पिशवीचा, म्हणजे प्रतिपिंडे घडविणाऱ्या इंद्रियाचाच नाश करतो, त्यामुळे त्यातून वाचलेले पिलू इतर सर्व लसींना दुर्बळ प्रतिसाद देते. या रोगांची चर्चा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

बर्ड फ्लूचा मात्र येथे विचार करणे प्राप्त आहे, कारण कोंबडीचा मृत्यू सरकारी कागदावर ठळकपणे आला तो त्यामुळे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिली साथ निश्चित झाली व लक्षावधी पक्षी नष्ट करण्यात आले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि तेथेही तीच कारवाई झाली. नुकसानभरपाईचा नियम असा की ती शासनाने मारलेल्या पक्ष्याबद्दल मिळते. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्याबद्दल मिळत नाही. लवकर खबर देण्यास उत्तेजन मिळावे हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु मानमोडीने रिकाम्या झालेल्या अंगणाला या नियमात कोणतीच जागा नाही. राणीखेतने दरसाल होणारी गावठी कोंबड्यांची हानी बातमी होत नाही, कारण तिच्यापासून माणसाला भय नाही.

आणि हा अंगणातला पक्षी संपलेला नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील कुक्कुट पक्ष्यांची संख्या ८५ कोटींवर गेली. त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसातील होते, आणि मागील गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांची वाढ बंदिस्त पक्ष्यांहून कितीतरी अधिक, जवळजवळ ४६ टक्के होती. पुण्याच्या शासकीय पशुजैविक संस्थेत राणीखेत व देवीच्या लसी तयार होतात. अकोल्यास पशुवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन चालते. ज्ञान व साधन यांची उणीव आता नाही. अडचण अन्य ठिकाणी आहे. लसीची कुपी शंभर वा त्याहून अधिक मात्रांची असते, ती बर्फात ठेवावी लागते आणि द्रावणात मिसळल्यावर काही तासांत संपवावी लागते. पाच-पाच कोंबड्या असलेल्या वीस घरांनी एकाच सकाळी आपले पक्षी धरून ठेवले तरच एक कुपी सार्थकी लागते. कोंबड्या पहाटे खुराड्यातून सुटायच्या आत हे व्हावे लागते, आणि त्याच वेळी बाई रोजाने निंदणाला वा कापूस वेचणीला निघालेली असते. उष्णता सहन करणाऱ्या व धान्याला चोळून देता येणाऱ्या लसींवर ऑस्ट्रेलियात १९८० नंतर स्प्रॅडब्रो प्रभृतींनी केलेले काम नेमके या अडचणीसाठी होते. आशिया-आफ्रिकेतील काही देशांत त्याचा उपयोगही झाला.

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील तालुका पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या लसीकरण-नोंदवह्या, बाजार समित्यांतील ज्वारी व पेंडीच्या भावांचे तक्ते आणि गावोगावच्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणी ही तीन साधने आजवर कधी एकत्र वाचली गेलेली नाहीत. ज्या वर्षी खरिपाची ज्वारी काळी पडली त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात मानमोडीची मर अधिक होती काय, हा प्रश्न त्यांच्या आधारे विचारता येण्याजोगा आहे. नोंदवह्या जुन्या झाल्या की रद्दीत जातात आणि आठवणी सांगणाऱ्या बायांची वये ऐंशीच्या घरात आहेत, हे ध्यानी घेऊन या कामाचा क्रम ठरवावा लागेल.